वेल्सच्या महिला फुटबॉलपटूची कारकीर्द वहीत कशी मांडावी

6 ऑक्टोबर 2022 ची रात्र. कार्डिफ सिटी स्टेडियमवर वेल्स विरुद्ध बोस्निया, विश्वचषक पात्रतेचा प्ले-ऑफ. नव्वद मिनिटं संपली तरी कोरी पाटी. जादा वेळेत जेस फिशलॉकनं हवेतून आलेला चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही, तसाच जाळ्यात धाडला. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. नाचून दमल्यावर तिनं विचारलं, "आई, ही अमेरिकेत खेळते ना? मग आज इथे कशी?"

मी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकले. कार्डिफची मुलगी, मग नेदरलँड्स, मग ब्रिस्टल, मेलबर्न, सिॲटल, परत मेलबर्न, मध्येच जर्मनी, फ्रान्स. कशानंतर काय, हेच जुळेना. घरी जाऊन एक आडवी वही काढली. आज त्या वहीत वेल्सच्या चौदा खेळाडू आहेत. काम करता करता जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे. उदाहरण फिशलॉकचंच घेते. तिचं पान जमलं की बाकीच्यांचं अवघड वाटत नाही.

पान आधी आखून घ्या

वही उघडली की समोर दोन पानं येतात. डावं क्लबला द्या, उजवं देशाला. एकाची नोंद दुसऱ्यात जाऊ देऊ नका. सुरुवातीला मी सगळं एकाखाली एक लिहीत होते. महिनाभरानं पाहिलं तर वेल्सचे गोल क्लबच्या बेरजेत मिसळले होते.

डाव्या पानावर पाच रकाने पुरतात: कधीपासून, कधीपर्यंत, कुठला क्लब, कायमचा करार की लोन (काही काळापुरती दुसऱ्या क्लबकडे उसनी), आणि त्या काळात काय घडलं. उजव्या पानावर सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, ठिकाण आणि गोल. प्रत्येक सामना लिहायची गरज नाही. पहिला, शंभरावा, शेवटचा आणि ज्यांनी काही बदललं ते, एवढे पुरे.

आणि पेन्सिल वापरा. कारकीर्द चालू आहे तोवर पेन्सिलच.

'हंगाम' लिहू नका, महिने लिहा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. युरोपातल्या बहुतेक लीग शरद ऋतूत सुरू होऊन पुढच्या वसंतात संपतात. अमेरिकेतली लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते. ऑस्ट्रेलियातली त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या इथल्या ऐन हिवाळ्यात असते. त्यातून इंग्लंडची महिला सुपर लीग 2011 मध्ये सुरू झाली ती उन्हाळी लीग म्हणून, आणि 2017-18 पासून हिवाळ्यात गेली. त्यामुळे ब्रिस्टल अकॅडमी या तिच्या इंग्लिश क्लबपुढे नुसतं '2011' लिहिलेलं दिसलं तर ते चूक नसतं; तेव्हा हंगाम एकाच कॅलेंडर वर्षात बसायचा.

हे एकदा लक्षात आलं की फिशलॉकचं पान उलगडतं. 2013 मध्ये अमेरिकेत नवी लीग सुरू झाली आणि ती सिॲटलला गेली. तिथला मोसम संपला की पुढचे काही महिने मोकळे. त्या महिन्यांत ती दुसरीकडे खेळली: मेलबर्नच्या दोन वेगवेगळ्या क्लबांकडून, 2014-15 मध्ये फ्रँकफर्टकडून, 2018-19 मध्ये लियाँकडून. सिॲटल तिचं घर राहिलं, बाकी सगळं त्या घराच्या सुट्टीत. नुसती क्लबची यादी वाचणाऱ्याला वाटतं की ही मुलगी एका जागी टिकत नाही. महिने लिहून पाहा, नेमकं उलटं दिसेल: एकाच क्लबशी दहा वर्षांहून जास्त काळ बांधलेली, आणि वर्षाचे बाराही महिने खेळायची भूक असलेली. मला ती भूक फार महत्त्वाची वाटते. ती समजली नाही तर तिच्याबद्दल काहीच समजलं नाही असं मी म्हणेन.

एकच नाव दोनदा येतं, एकीचीच दोन नावं असतात

कार्डिफपासूनच सुरुवात करा. 'कार्डिफ सिटी लेडीज' हा एक क्लब आणि 'कार्डिफ सिटी'चा महिला संघ हा दुसरा. पहिला इंग्लंडच्या लीगरचनेत खेळत आला आहे, दुसरा आद्रान प्रीमियर या वेल्सच्या महिला लीगमध्ये खेळतो. फिशलॉक पहिल्यातून वर आली. मी हे दोन्ही एकाच ओळीत कोंबले होते आणि चार खेळाडूंची पानं खोडून पुन्हा लिहावी लागली. एकेका नोंदीपुढे लीगचं नाव लिहिलं की ही चूक जागच्या जागी पकडली जाते.

सिॲटलचं याच्या उलट. क्लब एकच, पण 2019 मध्ये टकोमाला गेल्यावर तो रेन एफसी झाला, 2020 पासून ओएल रेन, आणि 2024 पासून परत सिॲटल रेन. तीन ओळी करू नका; एका ओळीत तिन्ही नावं लिहा.

खेळाडूंची नावंही बदलतात. वेल्सच्या हेलन वॉर्डचे सुरुवातीचे गोल शोधायचे तर 'हेलन लँडर' हे माहेरचं नाव शोधावं लागतं. कर्णधार आंगहॅरड जेम्स आता जेम्स-टर्नर म्हणून दिसते. म्हणून पानाच्या डोक्यावर दोन्ही नावं हवीत.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकते, कारण वेल्श नावं इंग्रजीसारखी वाचली की बिघडतात. वेल्शमध्ये सी नेहमी 'क'. म्हणून केरी हॉलंड, 'सेरी' नव्हे. एकच एफ असेल तर 'व', जोडएफ असेल तर 'फ'. डब्ल्यू बहुधा स्वर असतो: कुपान म्हणजे कप. आणि लानेली या गावाच्या नावातला जोडएल मराठीत लिहिताच येत नाही. जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा बाजूनं सोडायची. माझ्या मुलीला एका दिवसात जमलं, मला सहा महिने लागले.

उजवं पान: कॅप

राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या सामन्याला कॅप म्हणतात. सतरा किंवा एकोणीस वर्षांखालच्या संघाचे सामने वरिष्ठ कॅपमध्ये धरायचे नाहीत. ते हवेच असतील तर पानाच्या तळाशी वेगळे लिहा.

फिशलॉकचं पदार्पण 2006 चं. एप्रिल 2017 मध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध तिची शंभरावी कॅप झाली. वेल्सकडून शंभर सामने खेळणारी ती पहिलीच. पुरुषांतही तोवर कुणी तिथे पोहोचलं नव्हतं. ही ओळ लिहिताना मी 'महिलांमध्ये पहिली' असं लिहिलं होतं. मुलीनं 'महिलांमध्ये' खोडलं, आणि बरोबरच केलं.

गोलांसाठी मी एक जुना आकडा कंसात ठेवते, म्हणजे कोणाचा विक्रम मोडला ते कळतं. हेलन वॉर्डचे 44 गोल होते. जुलै 2024 मध्ये लानेलीला कोसोवोविरुद्ध फिशलॉक 45 वर गेली.

आता जपून राहायची गोष्ट. वेगवेगळ्या काळातल्या दोघींच्या कॅप शेजारी मांडून तुलना करू नका. वेल्सच्या महिलांचा पहिला अधिकृत सामना 1973 मध्ये, लानेलीलाच, आयर्लंडविरुद्ध झाला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं वेल्सच्या फुटबॉल संघटनेनं हा संघ आपला मानलाच नाही. 1992 मध्ये लॉरा मॅकॲलिस्टर, मिशेल ॲडम्स आणि कॅरन जोन्स या तिघी खेळाडू संघटनेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा चक्र फिरलं. मॅकॲलिस्टरच्या नावावर 24 कॅप आहेत. पुढे ती युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, कार्यकारी समितीवर गेली. तिचे 24 आणि फिशलॉकचे दीडशेहून जास्त हे आकडे एका तराजूत घालणं मला अन्याय वाटतो. मी अशा पानांवर आकड्याखाली एक ओळ लिहिते: त्या वर्षांत संघाला सामने किती मिळत होते, खर्च कोण करत होतं. जानेवारी 2023 मध्ये वेल्सच्या पुरुष आणि महिला संघांना समान मानधन जाहीर झालं आणि त्यासाठी पुरुषांनी स्वतःचं मानधन 25 टक्के कमी करून घेतलं, हीसुद्धा त्या काळातल्या प्रत्येकीच्या पानावर यायला हवी अशी नोंद आहे.

मोकळ्या जागा आणि चषक

मोकळे महिने तसेच सोडू नका. बहुतेक वेळा तिथे दुखापत असते. फिशलॉकच्या पानावर जुलै 2019 नंतर मोठी पोकळी आहे: गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं. वेल्सच्याच सोफी इंगलचंही 2024 च्या शरदात तेच झालं, तरी ती पुढच्या जुलैत युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, संघात होती. ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली आहे.

चषकांच्या बाबतीत एक प्रश्न विचारायचा: अंतिम सामन्यात ती मैदानावर होती का? फ्रँकफर्टनं मे 2015 मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली. फिशलॉक त्या मोहिमेत आधी खेळली होती, पण अंतिम सामन्याच्या आधीच सिॲटलला परतली होती. चषक तिच्या नावावर लिहा, शेजारी हेही लिहा. 2021 मध्ये अमेरिकी लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, ती नोंद मात्र निखळ तिची एकटीची.

एक क्षण सविस्तर

प्रत्येक पानाच्या शेवटी मी अर्धी जागा राखते, एकाच प्रसंगासाठी. फिशलॉकचा प्रसंग 9 जुलै 2025 चा. वेल्सच्या महिला पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत, याच युरोत, पोहोचल्या होत्या, सेंट गॅलनला फ्रान्सशी सामना. तिनं चेंडू जाळ्यात घातला आणि ऑफसाइडचा झेंडा वर गेला. आमच्या बैठकीच्या खोलीत कोणी बोलेना. पडद्यावर तपासणी चालू. मुलीनं माझ्या मनगटाला इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मग गोल दिला गेला. मोठ्या स्पर्धेतला वेल्सच्या महिलांचा पहिला गोल, आणि तो करणारी 38 वर्षांची. सामना 4-1 नं हरलो. वहीत स्कोअर लहान अक्षरात आहे.

25 ऑक्टोबर 2025 ला ती कार्डिफमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेल्सकडून शेवटचं खेळली. 166 कॅप, 48 गोल. देशाकडून निवृत्ती म्हणजे क्लबमधून निवृत्ती नव्हे, त्या आठवड्यांत ती सिॲटलसाठी खेळतच होती. म्हणून डावं पान आम्ही अजून पेन्सिलीतच ठेवलं आहे. उजव्या पानावरचे दोन आकडे मात्र त्या रात्री मुलीनं शाईच्या पेनानं गिरवले.