मन खात असेल तर या चुका टाळा

बारावीनंतर मी लातूरला नीटची तयारी करत होतो. अण्णांनी त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे माझ्या क्लासच्या फीला भरले होते. टेस्टमधले मार्क घसरत गेले तसं मी घरी फोन करणं कमी केलं. येळवशीलाही, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणालाही, गेलो नाही. 'टेस्ट आहे' म्हणालो, ती नव्हती. दुसऱ्या दिवशी मायनं गावातल्या एकाजवळ भज्जी आणि उंडे पाठवले. ते माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

मनाला इतकं लागतंय म्हणजे आता आपण सुधारणारच, असं मला तेव्हा वाटायचं. अभ्यास मात्र रोज कमीच होत होता. अपराधीपणा माणसाला घडवतो की बुडवतो, हे तो आपले पाय कुणीकडं वळवतो त्यावर ठरतं, असं मी आज म्हणतो. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडं वळवत असेल तर तो कामाचा. मला तो पळायला लावत होता.

पहिली चूक: 'मी असं केलं' आणि 'मी असाच' यांची गल्लत

मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी अपराधीपणा आणि शरम यांतला फरक अनेक वर्षं अभ्यासला. केलेल्या कृतीची टोचणी लागलेला माणूस बहुधा चूक निस्तरायला जातो. स्वतःचीच शरम वाटणारा लपतो, नाहीतर दुसऱ्यावर चिडतो. मी दोन्ही करत होतो. रूममेटवर विनाकारण खेकसायचो.

यावर उपाय साधा आहे. मनात घोळणारं वाक्य कागदावर लिहा. 'मी नालायक आहे' या वाक्याचं पुढं काहीच करता येत नाही. 'मी मार्कांबद्दल खोटं बोललो' याचं करता येतं. कीर्तनात ज्याला अनुताप म्हणतात, त्यातही नुसतं रडणं पुरत नाही, वाट बदलावी लागते.

दुसरी चूक: शिक्षेला परतफेड समजणं

मी मेसचं रात्रीचं जेवण सोडलं होतं. माझ्या उपाशी राहण्यानं अण्णांचा एक रुपयाही फिटत नव्हता, उलट सकाळी वर्गात झापड यायची. चूक कुणाची केली आणि त्या माणसाला आपल्याकडून काय हवंय, एवढं आधी विचारा. अण्णांना माझा उपास नको होता, त्यांना खरं ऐकायचं होतं.

शेवटी एका रविवारी मी फोन करून खरे मार्क सांगितले. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कामून लपवलास रं लेकरा?" मला 'पण क्लासमध्ये...' असं सुरू करायचं होतं, ते गिळलं. माफी मागताना 'पण' आला की समोरच्याला फक्त तोच ऐकू जातो. त्यानंतर दर रविवारी, चांगले असोत की वाईट, मी मार्क सांगत गेलो. अभ्यासात मन लागलं ते तिथून पुढं.

तिसरी चूक: जे आपल्या हातात नव्हतं, त्याचाही दोष घेणं

हे आपल्या भागात फार होतं आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेतच गेली. अशा संकटातून वाचलेल्यांना 'मीच का राहिलो' हा प्रश्न वर्षानुवर्षं छळतो. मातीत-दगडात रचलेल्या भिंती कोसळल्या, यात त्यांचा काय गुन्हा? पाऊस दडी मारतो, पीक जातं आणि शेतकरी लेकरांपुढं मान वर करत नाही. बीडची बाई ऊसतोडीला जाताना म्हातारी सासू गावात ठेवते आणि फडात तिचा जीव लागत नाही. ही माया आहे, काळजी आहे. तिला अपराध म्हणू नका. यात माफी मागायला कुणी नसतं, म्हणून तिथं माफीऐवजी बोलायला माणूस लागतो.

आईबापांनाही एक सांगावंसं वाटतं. 'तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या' हे रोज ऐकणारं लेकरू मार्क लपवायला शिकतं.

आणि टोचणी दोन आठवडे हटतच नसेल, झोप-भूक गेली असेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. नको इतका अपराधीपणा हे त्याचंच एक लक्षण आहे. तेव्हा वरचे उपाय करत बसू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.