सिक्वेलला जायच्या आधी एक कागद घ्या

आधीच सांगून ठेवतो, खाली बाहुबली, दृश्यम, अंधाधुन, तुंबाड सगळ्यांचे शेवट उघडे पाडलेत, त्यामुळे ज्यांनी अजून बघितले नसतील (इतकी वर्षं होतात कुठे?) त्यांनी आधी बघून या, मग वाचा.

तर झालं असं की बाहुबलीचा पहिला भाग 10 जुलै 2015 चा आणि दुसरा 28 एप्रिल 2017 चा, म्हणजे पावणेदोन वर्षं अख्खा देश एकच प्रश्न विचारत बसलेला, कटप्पाने बाहुबलीला का मारलं? आमची तिकिटं रविवारची होती. शुक्रवारपासून व्हॉट्सअॅप बंद, ऑफिसात कानात इअरफोन, सगळी काळजी घेतली आणि शनिवारी संध्याकाळी दूध घेऊन येताना लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं दुसरीतलं पोरगं म्हणालं, "काका, तुम्ही बघितला? शिवगामीने ऑर्डर दिली म्हणून मारलं." दार उघडलं, तो गेला, मी दुधाची पिशवी धरून पाचव्या मजल्यापर्यंत तसाच उभा.

आणि गंमत ऐका, रविवारी पिक्चर तेवढाच चढला. कारण "ऑर्डर दिली" हे एका ओळीचं उत्तर झालं, पण राजमाता शिवगामीचा मुलगा भल्लालदेव आणि नवरा बिज्जलदेव तिच्या डोक्यात बाहुबलीबद्दल विष कसं कालवतात, ती कटप्पाला तू मार नाहीतर मी मारते अशा पेचात कशी पकडते, आणि ते काम करून आल्यावर जन्मभर राजघराण्यापुढे मान खाली घालून वावरलेला तो माणूस तिला थेट नावाने हाक मारून चुकलीस तू शिवगामी असं कसं सुनावतो, हे त्या पोराने सांगितलंच नव्हतं. सांगूच शकला नसता. तेव्हापासून मी सिक्वेल बघायची एक पद्धत बसवलीय, ती इथे देतोय, पटली तर वापरा.

पहिलं काम, पहिला भाग परत बघा, पण आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी बघा. आदल्या रात्री बघितला की थेटरात डोकं सारखं तुलना करत बसतं, याचे केस तेव्हा लांब होते वगैरे. अख्खा बघायला वेळ नसेल तर शेवटचा अर्धा तास तरी बघाच. आणि कागद घ्या. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, कागद, कारण तो खिशात राहतो आणि इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या लायनीत काढून बघता येतो. बायको हसते, हसू दे.

कागदावर तीन रकाने पाडा आणि पहिल्या भागात जे जे प्रश्न राहिले ते त्यात टाका. टांगलेले, मोकळे सोडलेले, आणि घोळ.

टांगलेला म्हणजे मुद्दाम लटकवलेला. ओळखायची खूण सोपी आहे, उत्तर पुढच्या पाच मिनिटांत येणार असं वाटत असतानाच पिक्चर संपतो. कटप्पा म्हणतो मीच मारलं, आणि कट. हा खरं तर इंटरव्हलच होता, फक्त पावणेदोन वर्षं लांबला, आणि 2025 च्या ऑक्टोबरात दोन्ही भाग कापून जोडून एकच पिक्चर म्हणून परत थेटरात लावले तेव्हा तर ते उघडच झालं. अशा प्रश्नासाठी सिक्वेल बघायलाच लागतो, इलाज नाही.

मोकळा सोडलेला प्रश्न वेगळा. फँड्रीत जब्याने मारलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, सैराटच्या शेवटी त्या लहानग्याची रक्ताळलेली पावलं दारातून बाहेर जातात, आता पुढे काय झालं हे विचारण्यात अर्थ नाही, तो दगड आपल्यालाच लागलेला असतो. अशा पिक्चरचा दुसरा भाग कोणी काढतोय असं ऐकलं तर मी लांब राहीन. मुंबई-पुणे-मुंबईचं थोडं असंच झालं माझ्यासाठी. 2010 च्या पहिल्या भागात त्या दोघांना एकमेकांची नावंसुद्धा माहीत नसतात, दिवसभर पुण्यात फिरतात, भांडतात, आणि आपल्यालाही नाव कळत नाही. 2015 ला दुसरा भाग आला त्यात गौतम आणि गौरी अशी नावं, घरचे, लग्नाची बोलणी, सगळं आलं. वाईट नाही हां पिक्चर, घरच्यांना तर दुसराच जास्त आवडला, पण ते नाव नसण्यात जे होतं ते गेलं. आमच्या मावशीचं म्हणणं, "अरे लग्न कसं होतं ते बघायला नको का आम्हाला?" असो. मावशीशी वाद घालू नये.

घोळ म्हणजे लेखकाच्या हातून निसटलेलं. हिरोची जखम डाव्या हातावरून उजव्या हातावर जाणे, एक फोन केला असता तर अख्खा सेकंड हाफ झाला नसता आणि फोन तर खिशातच होता, वगैरे. घोळाची परीक्षा अशी करायची, ती चूक दुरुस्त केली तर गोष्ट बदलते का? जखमेचा हात बदलला तर काही होत नाही, सोडून द्या. फोन केला असता तर पिक्चरच संपतो, मग तो मोठा घोळ, लिहून ठेवा. पण सिक्वेलमध्ये त्याचं उत्तर मिळेल अशी आशा ठेवून तिकीट काढू नका, नव्याण्णव टक्के वेळा दुसऱ्या भागाच्या टीमला तो घोळ माहीतसुद्धा नसतो.

कागदाच्या मागच्या बाजूला नियम लिहा. हे भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या पिक्चरला फार कामाला येतं. झपाटलेला घ्या, 1993 चा. नियम दोनच. तात्या विंचूला मारायचा तर गोळी बरोबर दोन भुवयांच्या मधोमध, आणि त्याला बाहुल्यातून परत माणसात यायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित सगळ्यात आधी सांगितलं त्याच्याच शरीरात, म्हणजे आपला लक्ष्या. एवढ्या दोन नियमांवर अख्खा पिक्चर पळतो, म्हणून तीस वर्षं झाली तरी चालतो. 2013 ला थ्रीडीमध्ये दुसरा भाग आला, लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्येच गेले होते त्यामुळे गोष्ट लक्ष्याच्या मुलावर नेली. तो लावून बघा आणि दर पंधरा मिनिटांनी विचारा, पहिल्या भागाचे नियम पाळतायत की सोयीने वाकवतायत? भुताला काहीही करता येतं असं झालं की भीती संपते.

क्रमाबद्दल लोक फार विचारतात, गोष्टीच्या क्रमाने बघू का रिलीजच्या. डोळे झाकून रिलीजच्या. टाइमपासचं उदाहरण, पहिला 2014, दुसरा 2015, तिसरा 2022, पण तिसऱ्याची गोष्ट पहिल्या दोघांच्या मधली. गोष्टीच्या क्रमाने बघायला गेलात तर दगडू शाळकरी वयातून कॉलेजात जातो आणि मग अचानक वेगळाच नट होतो, डोकं चक्रावतं. रिलीजच्या क्रमाने गेलं की निदान कळतं की तिसऱ्या भागात दगडू-प्राजक्ताचं शेवटी काय होतं हे आपल्याला आधीच माहितीये, आणि टीमलाही माहितीये की आपल्याला माहितीये.

आता दृश्यम. हा या तीन रकान्यांत बसत नाही, म्हणून माझा सगळ्यात लाडका. मूळ मल्याळम 2013 चा जीतू जोसेफचा, हिंदी 2015 ला आपल्या निशिकांत कामतने केला, गोव्यात बसवलेला. 2 ऑक्टोबर, सत्संग, पावभाजी, हे आता घराघरात जोक झालेत. पहिल्या भागाच्या शेवटी एकही प्रश्न शिल्लक राहत नाही, प्रेत कुठंय ते आपल्याला कळतं, नव्या पोलीस चौकीच्या फरशीखाली, पोलिसांना कळत नाही, विजय साळगावकर बाहेर पडतो, खलास. मग दुसरा भाग कशाला? तर लेखकाने असा प्रश्न काढला जो आपण कोणी विचारलाच नव्हता, त्या रात्री चौकीतून बाहेर पडताना याला कोणी बघितलं का? आणि बघितलेलं असतं. एक माणूस स्वतःच खून करून पळत असतो, तिथे लपलेला असतो, आणि तो जेलमधून सुटून येईपर्यंत ते कोणालाच माहीत नसतं. च्यायला, काय सुचलंय. पहिल्या भागातला एक शब्द न बदलता त्याच्या पोटातून दुसरा काढला. सिक्वेल चांगला का वाईट हे मी आता यावरूनच ठरवतो, की बघून आल्यावर पहिला भाग परत बघताना तो सीन वेगळा दिसतो का. आता त्या चौकीच्या शॉटला माझी नजर फावडं घेऊन निघालेल्या विजयवर राहतच नाही, मागच्या अंधारात जाते.

ट्रेलरबद्दल माझं मत कडक आहे. टीजर बघा, ट्रेलर एकच बघा, आणि तोही पहिला मिनिटभरच. दुसऱ्या मिनिटात हमखास सेकंड हाफचा माल असतो. थेटरात दुसऱ्या पिक्चरच्या आधी लागला तर काय करायचं? मी बाहेर समोसा घ्यायला जातो. पण ट्रेलर बघायचाच असेल तर एक युक्ती आहे, आधी आवाज बंद करून बघा. ट्रेलरमध्ये एका सीनमधला डायलॉग दुसऱ्याच सीनमधल्या चेहऱ्यावर चढवलेला असतो, आवाज बंद केला की लक्षात येतं की ही बाई रडतेय ती त्या वाक्यामुळे नाहीच, तिचे कपडे वेगळे, मागची भिंत वेगळी. मग कपडे मोजा. हिरो किती वेगवेगळ्या शर्टात दिसतो, पाऊस कुठे आहे, आग कुठे आहे. सगळ्यात जास्त मळलेला शर्ट म्हणजे क्लायमॅक्स, हे माझं आजवर क्वचितच चुकलंय.

आणि ट्रेलरमध्ये दिसलं म्हणजे पिक्चरमध्ये असणारच असं धरून चालू नका, यावर तर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, थट्टा नाही. 2016 च्या 'फॅन' पिक्चरचं जबरा फॅन गाणं टीव्हीवर इतकं वाजवलं, आणि पिक्चरमध्ये ते गाणंच नाही. औरंगाबादच्या एका शिक्षिका पोरांना घेऊन गेल्या होत्या, त्यांनी ग्राहक मंचात केस टाकली, वरच्या आयोगांनी दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च द्या म्हणून सांगितलं, मग कंपनी दिल्लीला गेली आणि एप्रिल 2024 मध्ये कोर्टाने सांगितलं की प्रमोशनचा ट्रेलर म्हणजे करार नाही, वचन नाही. कायद्याने बरोबर असेल, पण माझं मन त्या बाईंच्या बाजूला आहे. आठ वर्षं एका गाण्यासाठी! असे फॅन पाहिजेत.

आता राहिला सगळ्यात भांडणाचा विषय, न सुटलेले प्रश्न मित्रांबरोबर कसे सोडवायचे. अंधाधुनवर करून दाखवतो, 2018 चा, श्रीराम राघवनचा, पुण्यातच घडतो. पियानो वाजवणारा आकाश आधी आंधळ्याचं नाटक करतो, मग खून करणारी सिमी त्याला खरंच आंधळं करते, आणि प्रश्न एकच, आकाशला शेवटी दिसतं का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन जण दोन महिने बोलत नव्हते. पद्धत अशी की कागदावर दोन बाजू करा, कॅमेऱ्याने स्वतः दाखवलेलं एकीकडे, पात्राने तोंडाने सांगितलेलं दुसरीकडे. पिक्चरच्या सुरुवातीला कोबीच्या शेतात शिकारी एका डोळ्याच्या सशामागे पळतो, हे कॅमेऱ्याने दाखवलं. शेवटाकडे गाडीत डॉक्टर स्वामी आकाशला सिमीचे डोळे काढून तुला लावू असं पटवतोय, तेही कॅमेऱ्याने. मग एकदम दोन वर्षांनंतर युरोप, आणि तिथून पुढे सिमीने गाडी कशी ताब्यात घेतली, ससा काचेवर कसा आदळला, गाडी कशी उलटली हे सगळं आकाश त्याच्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला सांगतोय. म्हणजे दुसरी बाजू. आणि हा माणूस पहिल्या सीनपासून आंधळ्याचं नाटक करतोय, त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. मग कॅफेबाहेर रस्त्यातला डबा तो काठीने बरोबर टोलवतो, पहिली बाजू. आणि ती काठी? तिच्या मुठीला सशाचं डोकं आहे. आता सांगा, त्याने काठी बघून ससा रचला का सशामुळे तशी काठी घेतली?

माझं मत, त्याला दिसतं आणि डॉक्टरची ऑफर त्याने घेतली. पण सुरुवातीचा शिकारी आणि ससा कॅमेऱ्याने दाखवलेत, ते माझ्या मताच्या आड येतात, आणि हे मान्य करायला मला दोन महिने लागले. मग ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्या मित्राला मीच चहाला बोलावलं. अजूनही त्याचं म्हणणं की डबा चुकून लागला.

सध्या कागदावर तुंबाड आहे. 2018 ला आला तेव्हा थेटरं रिकामी, 13 सप्टेंबर 2024 ला परत लावला तर आधीपेक्षा जास्त कमावला आणि तेव्हाच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. माझ्या हिशोबाने पहिला भाग बंद आहे, पोरगा सोन्याने भरलेला लंगोट नाकारतो, बापाला पेटवून देतो, विषय संपला. टांगलेलं काही नाही. पण मागच्या बाजूला नियम भरपूर आहेत. हस्तर या शापित देवाला पीठ मिळत नाही, पिठाच्या रिंगणाला तो घाबरतो, पिठाची बाहुली टाकली की तो येतो, एका बाहुलीला एक हस्तर, ज्याला शिवला तो मरत नाही. एवढ्यातून कोणीही न विचारलेला प्रश्न काढायचा आहे. मी दोन काढलेत, लिहून घडी घालून पाकिटात ठेवलेत, त्या लिफ्टमधल्या पोराला अजिबात सांगणार नाही, तो आता दहावी-अकरावीत असेल आणि अजून तसाच आहे.