पहिली बंदूक घेताय? आधी या चुका टाळा

रेंजवर नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली घेऊ?" खरं तर विचारायच्या आधीच त्यानं मनात एक पसंत करून टाकलेली असते. काळीकुळकुळीत, जाड नळीची, वर हातभर दुर्बीण बसवलेली. मी उलट विचारतो, "आठवड्याला किती गोळ्या झाडणार?" यावर बहुतेक जण गप्प होतात. पण निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. नेमबाजीसाठी घेतलेल्या पहिल्या बंदुकीनं तुमची चूक तुम्हाला दाखवली पाहिजे. गोळी भलतीकडे गेली तर दोष तुमचा की तिचा हे कळत नसेल, तर ती कितीही देखणी असो, शिकायला कुचकामी.

परवाना, कुलूपबंद साठवण आणि ने-आण यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ते आधी वाचा, पसंती नंतर. उलटं केलं की आवडलेली बंदूक परवान्यात बसत नाही आणि मन काही तिच्यावरून हटत नाही.

मोठ्या आवाजाच्या बंदुकीनं सुरुवात करणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मोठ्या काडतुसाचा धक्का आणि दणका शरीर लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी चाप सुटायच्या आतच खांदा आवळला जातो, डोळा मिटतो. हे ज्याचं त्याला कळतही नाही. आमच्याकडे एक तरुण मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद छिद्राच्या नळीची रायफल घेऊन आला. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, खाली-डावीकडे पसरायचा आणि तो रोज दुर्बिणीला शिव्या द्यायचा. शेवटी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये दोन खोटी काडतुसं मिसळली. तिसऱ्यांदा चाप ओढला, 'टक्' झालं, आवाज नाही, आणि नळीचं तोंड मात्र दोन बोटं खाली गेलेलं. तो बराच वेळ त्या नळीकडेच बघत राहिला. दुर्बिणीला त्यानंतर एकही शिवी पडली नाही.

म्हणून सुरुवात पॉइंट टू-टू लॉन्ग रायफलनं करा. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय आणि शिकाऊ माणसासाठी याहून चांगलं अजून मला दिसलेलं नाही. धक्का नसल्यात जमा, त्यामुळे एका बैठकीत पन्नास-साठ गोळ्या झाडूनही हात ताजा राहतो. मात्र कानाला संरक्षण इथेही हवंच. पॉइंट टू-टूचा आवाजही १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, आणि कानाला कायमची इजा होण्याची भीती त्याच पातळीवर सुरू होते.

अंगाचं माप न घेता घेणं

चप्पल घालून बघतो, बंदूक मात्र फोटो बघून घेतो. दुकानात किंवा क्लबात एक साधी परीक्षा करा. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका आणि मग डोळे उघडा. नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी आपोआप एका रेषेत दिसली तर दस्ता तुमचा. मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर तो दुसऱ्या कुणाचा. गालाची पट्टी वर-खाली आणि बट, म्हणजे खांद्याला टेकणारं टोक, मागे-पुढे होणारा दस्ता असेल तर पुष्कळ भानगडी मिटतात. पिस्तुलाला हीच गोष्ट बोटाच्या लांबीत कळते. मूठ घट्ट बसलेली असताना पहिल्या पेराचा मधला भाग चापावर यायला हवा. बोट ओढूनताणून पोचत असेल तर प्रत्येक गोळी बाजूला जाणार.

डोळाही तपासा. दोन्ही हात पुढे लांब करून पंज्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. हात ज्या डोळ्यापाशी येतील तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघणं मुळीच दुर्मीळ नाही. हे रायफल घेतल्यावर सहा महिन्यांनी कळलं तर मग पट्टी लावून डोळा झाकत बसावं लागतं.

वजनाचंही तसंच. दहा मीटर एअर रायफलला स्पर्धेत ५.५ किलोपर्यंत मुभा आहे, म्हणून ५.५ किलोचीच घ्यायची असं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कमरेला विचारा.

एअर रायफल 'ताकदवान' हवी म्हणणं

खोक्यावर छापलेला वेग हा बहुतेकदा हलक्यात हलका छर्रा वापरून मोजलेला असतो. स्पर्धेच्या एअर रायफली ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद वेगानं सोडतात, बस्स. दहा मीटरवरच्या कागदात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि तिथे ताकदीपेक्षा सारखेपणा लागतो. छर्रे सपाट डोक्याचे घ्या, कागदात स्वच्छ गोल भोक पडतं.

स्प्रिंगवाल्या रायफलीत एक गंमत आहे. आतला पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे सरकते, आणि तो टोकाला आदळला की तीच पुढे हिसका खाते. छर्रा अजून नळीत असतानाच हे सगळं सुरू झालेलं असतं. म्हणून ती आवळून धरली की ग्रुप फाटतो. पुढचा हात नुसता उघडा ठेवून त्यावर रायफल विसावू द्या, तिला हवं तसं हलू द्या. या दुहेरी हिसक्यानं साध्या दुर्बिणी आतून खिळखिळ्या होतात, तेव्हा स्प्रिंग रायफलसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. आणि छर्रा न घालता ती कधीही उडवू नका. समोर हवेची गादी नसली की पिस्टन थेट भिंतीवर आदळतो.

दाबाच्या टाकीवाल्या रायफली शांत आणि सरळ असतात, पण २०० बारपर्यंत हातपंपानं हवा भरणं म्हणजे वेगळा व्यायामच. ती सोय आधी बघा.

दुर्बीण मोठी, अंतर छोटं

साध्या रायफल दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर जुळवलेल्या येतात. तीच दुर्बीण दहा मीटरवर लावली की चित्र धूसर दिसतं आणि वर पॅरॅलॅक्सचा घोळ. ओळखायची खूण सोपी आहे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, हात लावू नका, नुसतं डोकं डावी-उजवीकडे हलवा. फुली कागदावर सरकताना दिसली तर डोळ्याची जागा बदलेल तशी गोळी बदलणार. अंतर जुळवायची कडी असलेली दुर्बीण घ्या, नाहीतर पहिले काही महिने साध्या माशीवरच काढा. मी तर हा दुसरा मार्गच सांगेन.

एकाच जातीच्या काडतुसांचा साठा करणं

पॉइंट टू-टूच्या नळीला स्वतःची आवड असते. एकाच कारखान्यातून शेजारी-शेजारी बाहेर पडलेल्या दोन रायफली वेगवेगळ्या काडतुसावर खूश होतात. चार-पाच जातींचे छोटे डबे आणा, ५० मीटरवर टेकू देऊन प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पाडा. तीन गोळ्यांचा ग्रुप हा निव्वळ नशिबाचा खेळ, त्यावर भरवसा नको. जात बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या मोजू नका, नळीत नवं वंगण बसायला वेळ लागतो. जमलेली जात सापडली की डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे घ्या.

'हाय व्हेलॉसिटी'चा मोह नको. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद. त्याच्या वर सुटलेली गोळी वाटेत हळू होऊन ती रेषा ओलांडते आणि तिथे डगमगते. टार्गेटची काडतुसं मुद्दाम त्या रेषेच्या खाली ठेवलेली असतात.

कागद बिघडला की कुठे बघायचं

कालपर्यंत चांगला पडणारा ग्रुप आज अचानक सरकला, तर दुर्बिणीच्या घुंड्या फिरवू नका. आधी पेच बघा, दुर्बीण धरणाऱ्या माउंटचे आणि दस्त्याचे. दहात सहा वेळा तिथेच सापडतं, हा माझा अनुभव. ग्रुप उभा लांबला तर श्वास दर वेळी वेगळ्या ठिकाणी रोखताय, किंवा काडतुसांचा वेग सारखा नाही. उजव्या हातानं पिस्तूल धरणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर चाप हिसकला जातोय.

काडतूस उडालंच नाही, तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, कारण बार उशिरा उडू शकतो. मग काढून त्याची कड बघा. पिन आपटल्याचा ठसा पुसट असेल तर बहुधा बोल्टमध्ये, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागात, मेण आणि काजळी साचलीय. आणि 'फुस्स' असा मवाळ आवाज झाला, तर पुढची गोळी झाडायची नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळी तपासल्याशिवाय काहीच नाही.

पॉइंट टू-टू रिकामी उडवून सराव करायचाय? काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, कडेवर आपटून तिथे खड्डा पाडते. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर खोटं काडतूस घाला.

संग्रहासाठी घेत असाल तर

इथे चुका उलट्या बाजूनं होतात. नेमबाज कमी करतो, संग्राहक फार करतो. जुन्या बंदुकीवर हात फिरवल्यावर पहिली ऊर्मी येते ती घासून चमकवायची. मूळ निळसर झळाळी आणि त्यावर चढलेला तपकिरी वर्ख एकदा पॉलिशनं गेला की परत येत नाही, आणि त्याबरोबर अर्धी किंमतही जाते. साधा निमुळता स्क्रू-ड्रायव्हर लावून पेचाच्या खाचा चेपणं हेही तसलंच. जाणता माणूस हातात घेतल्यावर सर्वांत आधी पेचच बघतो.

बोल्ट, बॉडी आणि नळीवरचे नंबर एकच आहेत का ते बघा. नंबर वेगळे असतील तर किंमत उतरतेच, शिवाय दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसामागची मोकळी जागा बरोबर आहे का, हे बंदूक-कारागिरानं मापक लावून मोजल्याशिवाय ती झाडू नये. नळीवरचे चाचणीचे शिक्के वाचायला शिका. असे शिक्के मारणाऱ्या लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे बंदुका तपासायचं ठिकाण, १८१३चं. ती बंदूक कोणत्या दारूसाठी तपासली होती ते या शिक्क्यांवरून कळतं.

जुन्या दुनळींत एक फसवी गोष्ट असते. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडून उघडल्यानंतरची असते. म्हणून ७० मिलिमीटरचं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये निमूटपणे बसतं, कुठे अडत नाही. उडालं की त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. पिळाच्या डमास्कस नळ्या तर काळ्या दारूच्या काळातल्या. आजची काडतुसं त्यांत घालूच नका. गेजचा, म्हणजे दुनळीच्या नळीच्या मापाचा, आकडाही उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे रुंद नळी. २० गेजचं काडतूस १२च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागे १२चं बसतं आणि नळी फुटते. २० गेजच्या काडतुसांचा पिवळा रंग त्याचसाठी.

जुनी लष्करी काडतुसं वापरली तर त्यांच्या टोपीतल्या क्षारानं नळीत मीठ साचू शकतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्यामुळे आधी गरम पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. तेल ओतणाऱ्यांनी वर्षभरात नळ्या गंजवलेल्या मी पाहिल्यात.

चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात. उघड्या रॅकवर ठेवायची तर अधूनमधून तोंड खाली करून ठेवा. नेहमी तोंड वर असलं की जास्तीचं तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, आणि काही वर्षांनी तिथलं लाकूड काळं पडून नखानं दाबलं तरी दबतं.