कामावर अपघात झाला तर भरपाई कशी मिळवायची (कंपनी काय सांगते ते जरा बाजूला ठेवून)

चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, प्रेस मशीनमध्ये बोट गेलेला एखादा तरी माणूस भेटतोच. त्याला विचारा काय मिळालं, तर म्हणतो शेठने दवाखान्याचं बिल भरलं आणि वर वीस-पंचवीस हजार हातात दिले, चांगला माणूस आहे. असेल चांगला. पण दवाखान्याचं बिल हा वेगळा हिशोब आणि बोटाची भरपाई हा वेगळा, बिल भरलं म्हणून भरपाईतून एक रुपयापण कापता येत नाही, आणि बोटाची रक्कम बऱ्याचदा लाखांत जाते. ती का मिळत नाही? कायदा वाईट आहे म्हणून नाही, पहिल्या आठ-दहा दिवसांत जे कागद व्हायला पाहिजेत ते होत नाहीत म्हणून. त्यामुळे हे सगळं त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी दवाखाना. आणि दवाखान्यात तोंडातून काय निघतं ते. कंपनीचा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस सोबत असतो आणि गाडीतच सांगून ठेवतो की डॉक्टरला सांग घरी पडलो, बाईकवरून घसरलो, नाहीतर पोलीस केस होईल, तुलाच त्रास. माणूस दुखण्याने अर्धमेला असतो, हो म्हणतो. मग केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि दीड वर्षाने कोर्टात विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर काढून दाखवतो की बघा साहेब, हा तर घरी पडला होता. तेव्हा डॉक्टरला खरं सांगायचं, कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता, आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करायला सांगायची. पेशंट बोलण्याच्या अवस्थेत नसेल तर बायको, भाऊ, गाववाला जो कोणी असेल त्याने हे बोलायचं. एमएलसीवरून पोलिसांकडे नोंद जाते, आणि ते लोक म्हणतात तसा त्याचा त्रास तुम्हाला काही होत नाही, होतो तो मालकाला.

आता दुसरा प्रश्न, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं: तुम्ही ईएसआयमध्ये (कामगारांची सरकारी विमा योजना) आहात का? पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात बघा, कामगाराचे ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. दहा किंवा जास्त माणसं असलेली जागा आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर सहसा तुम्ही ईएसआयमध्ये यायलाच पाहिजे. त्यात असाल तर भरपाई ईएसआयकडून, मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. नसाल, म्हणजे पगार २१,००० च्या वर आहे किंवा जागा छोटी आहे, तर भरपाई थेट मालकाकडून. हा दुसरा रस्ता १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यात तो आता आलाय. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता, हिशोबाची पद्धत बरीचशी तीच आहे.

ईएसआयवाल्यांचं आधी सांगतो कारण ते तुलनेने सोपं आहे. अपघाताचा रिपोर्ट मालकाने ऑनलाइन भरायचा असतो, तो भरला का हे विचारून घ्या आणि त्याची कॉपी मागा. तुमचा आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) घेऊन ईएसआयच्या डिस्पेन्सरीत किंवा हॉस्पिटलमध्ये जा, डॉक्टर रजेचं सर्टिफिकेट देतो ते ब्रँच ऑफिसला जमा करा. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही, पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे. बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के पैसे मिळतात. इथे एक लबाडी चालते ती लक्षात ठेवा, अपघात झाला असताना साध्या आजारपणाचं सर्टिफिकेट लावायचं. आजारपणाचा रेट ७० टक्के आहे आणि तो ९१ दिवसांपर्यंतच, आणि मुख्य म्हणजे अपघात म्हणून नोंदच होत नाही मग पुढे पेन्शन मागायला गेलं की कागदच नाही.

हो, पेन्शन. उपचार संपल्यावर काही कायमचं राहिलं, बोट कमी झालं, हात वळत नाही, तर ब्रँच ऑफिसला मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायचा. बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबाने आयुष्यभर पैसे येतात. समजा सरासरी रोजचा पगार ६०० आहे, त्याचे ९० टक्के ५४०, तर्जनी पूर्ण गेली त्याचे १४ टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ७५ रुपये, महिन्याला सव्वादोन हजाराच्या आसपास. कमी वाटतं, पण नोकरी चालू असली, दुसरीकडे लागलात, तरी ते बंद होत नाही. बोर्डाने टक्के कमी दिले असं वाटलं तर मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा ईएसआय कोर्टात जाता येतं. आणि ठेकेदाराने नावच टाकलं नसेल किंवा अपघात झाल्यावर संध्याकाळी घाईघाईने टाकलं असेल, तरी घाबरू नका. वर्गणी भरायची जबाबदारी त्याची होती, त्याच्या चुकीसाठी तुमचा हक्क जात नाही, ईएसआय तुम्हाला देऊन त्याच्याकडून वसूल करू शकते. फक्त तुम्ही त्या आधीपासून कामावर होता हे दाखवायला काहीतरी पाहिजे.

म्हणजे परत कागद. ठेक्यावरच्या पोरांकडे अपॉइंटमेंट लेटर नसतं हे सगळ्यांनाच माहितीय, त्यामुळे जे आहे ते गोळा करा: गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, बँकेत किंवा फोनवर आलेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, शिफ्टच्या ग्रुपमध्ये तुमचं नाव, कंपनीच्या टीशर्टमधला मशीनवरचा फोटोसुद्धा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी ते बिहारला नाहीतर बीडला परत गेलेले असतात. मशीनचा फोटो मिळत असेल तर घ्या, विशेषतः सेन्सर किंवा गार्ड काढलेला असेल तर. कारण मालक एक गोष्ट हमखास म्हणतो, की चूक त्याचीच होती. त्याला उत्तर हे की साध्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. कायद्यात जाते ती तीनच कारणांनी, दारू किंवा नशा, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, आणि सेफ्टी गार्ड मुद्दाम काढणं, आणि अपघातात मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर ही कारणंसुद्धा चालत नाहीत. बाकी प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सुपरवायझरनेच सेन्सर बंद करायला लावला हे प्रत्येक प्रेस शॉपमधल्या माणसाला माहितीय, ते साक्षीत यायला पाहिजे.

आता जे ईएसआयमध्ये नाहीत त्यांचा हिशोब. पगार कितीही असला तरी मोजताना २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरतात (दावा टाकताना हा आकडा बदलला का ते वकिलाला विचारा). वयाप्रमाणे एक गुणक असतो, २५ वर्षांना २१६.९१, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, वय वाढेल तसा कमी. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक, मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणक. २५ वर्षांचा ऑपरेटर, पगार १८,०००, ईएसआय लागत नाही अशा छोट्या वर्कशॉपमध्ये. धरायचे १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. बोट गेलं तर त्याचा टक्का घ्यायचा, कायद्याच्या परिशिष्टात यादीच आहे, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०. म्हणजे या पोराच्या तर्जनीचे दोन लाख त्र्याहत्तर हजार होतात. आता ते वीस-पंचवीस हजार परत आठवा. शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा, आणि काम बंद असेल तोवर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. पहिले तीन दिवस सोडून धरतात, पण २८ दिवस किंवा जास्त काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून.

यादीत नसलेल्या दुखापती, पाठ, मणका, खांदा, यांना टक्के डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरून ठरतात. इथे लोक फसतात. सिव्हिलमधून मिळतं ते अपंगत्वाचं सर्टिफिकेट, शरीराचे टक्के सांगतं. भरपाई मिळते ती कमाई किती बुडाली यावर. १९७५ साली सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराची केस होती, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, कोर्टाने सांगितलं की सुतार एका हाताने सुतारकाम करूच शकत नाही, तेव्हा नुकसान १०० टक्के. त्यामुळे डॉक्टरकडून लिहून घ्या की हा माणूस आधी करायचा ते काम आता करू शकतो का.

ठेकेदार पळून गेला, फोन उचलत नाही, हे तर ठरलेलंच. दावा टाकताना मूळ कंपनीला पण पार्टी करा, ठेक्यावरच्या माणसाची भरपाई देणं तिच्यावरही आहे, ठेकेदाराकडून वसूल करायचं ते ती बघेल. मालकाची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगारांच्या भरपाईचा विमा) असेल तर विमा कंपनीलाही घ्या. ट्रकच्या ड्रायव्हर-क्लीनरला रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात कोर्ट किंवा हा रस्ता, दोन्हीपैकी एकच निवडता येतो, आणि गाडी दुसऱ्याच्या चुकीने ठोकली असेल तर आधी वकिलाशी बोलून ठरवा. ड्युटीला जाता-येताचा अपघात? उस्मानाबादच्या एका केसमध्ये साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या ड्युटीला निघालेला, कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर बाईकचा अपघात होऊन वारला, २००३ साली. हायकोर्टाने नाही म्हटलं, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दिसला पाहिजे एवढंच. नवीन संहितेत तर हे लिहूनच टाकलंय. बावीस वर्षं लागली हे मात्र खरंय.

सही. स्टॅम्प पेपरवर 'मला सर्व भरपाई मिळाली, माझी काही तक्रार नाही' अशी सही घेतात, कधी कोऱ्यावर पण. केली नसेल तर करू नका. केली असेल तरी सगळं संपलं नाही, हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने चालत नाही, आणि आपसात तडजोड झाली तरी ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते. मृत्यूच्या केसमध्ये तर मालकाने पैसे थेट विधवेच्या हातात देऊन भागतच नाही, आयुक्तांकडे जमा करावे लागतात, तिथून वाटणी होते आणि लहान मुलांचा हिस्सा बऱ्याचदा एफडीत जातो. दिराने-सासऱ्याने परस्पर घेऊन टाकू नये म्हणून ही सोय मला फार बरोबर वाटते. बांधकामावरचा माणूस असेल आणि त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंद चालू असेल तर मंडळाकडून कामावरच्या मृत्यूला वेगळे ५ लाख आहेत, तो अर्ज वेगळा टाका.

दावा दोन वर्षांत टाकायचा. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफ होऊ शकतो पण त्यावर विसंबू नका. आधी मालकाला लेखी नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने, पावती जपून ठेवा. मग आयुक्तांकडे (आता नाव सक्षम प्राधिकारी), बहुतेक ठिकाणी लेबर कोर्टात नाहीतर सिनियर डिव्हिजन कोर्टात चौकशी केली की कळतं. अपघात पुण्यात झाला आणि तुम्ही गावी लातूरला परत गेलात तर लातूरलाही दावा टाकता येतो, तारखेला पुण्याला यायचं भाडं वाचतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगारांना आणि बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करून पण विचारता येतं. टक्केवारीवर केस घेणारे दवाखान्याच्या दारातच भेटतात, त्यांच्या आधी इथे जा. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही मागा, एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज आहे आणि दंड रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत. दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे तडजोडीला बसल्यावर या एका मुद्द्याने मालक बरेच मऊ होतात.

निकाल तुमच्या बाजूने लागला की मालक हायकोर्टात जायची धमकी देतो. जाऊ दे, अपील करायला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. अपील पण केलं नाही आणि पैसे पण देत नाही असं झालं तर वसुलीचा अर्ज करा, दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तो कागद तहसील कार्यालयात पडून राहतो हे धरून चाला, कंपनीचा पत्ता, प्लॉट नंबर, बँकेचं नाव, मशिनरी काय आहे ही माहिती स्वतःच अर्जाला जोडून द्या आणि दर पंधरा दिवसांनी आवक नंबर घेऊन टेबलावर जाऊन उभे राहा.