धाप लागली नसताना दाखवायला जा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दमा 21 वर्षांपासूनचा. त्यातली बरीच वर्षं मी डॉक्टरांची पायरी चढलो ती धाप लागल्यावरच. इंजेक्शन, वाफ, दोन दिवस घरी, की परत पोत्यांच्या धुळीत. दम्याची खरी तपासणी बरं वाटत असताना होते, हे मला फार उशिरा कळलं.

आता मी वर्षातून तीनदा जातो. दसऱ्यानंतर, म्हणजे गुऱ्हाळं आणि साखर कारखाने सुरू व्हायच्या आत. जानेवारीअखेर, नवी हळद यार्डात उतरायच्या आधी. आणि मिरगाच्या सुमारास, भिंतींना ओल धरायच्या आधी. तुम्हाला त्रास कशाने होतो ते बघून तारखा धरा. औषध नुकतंच बदललं असेल किंवा मध्ये ॲडमिट व्हावं लागलं असेल, तर मात्र डॉक्टर बोलावतील तेव्हा जा.

जायच्या आधी चार आठवडे वही ठेवा. रोज एक ओळ पुरते. दिवसा घरघर झाली का, रात्री जाग आली का, आरामाचा पंप (धाप लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर) किती वेळा लागला, दम्यामुळे कुठलं काम टाळलं. डॉक्टर "कसं काय?" विचारतात आणि आपण "बरंय" म्हणून मोकळे होतो. एका जानेवारीत मीही तेच म्हणालो. मग वही उघडली, तर महिन्यात सहा वेळा पहाटे उठून बसलेलो. डॉक्टरांनी लगेच पेन खाली ठेवलं. रात्रीची जाग किंवा आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागणारा आरामाचा पंप, यातलं काहीही असेल तर दमा ताब्यात नाही, असं त्यांनी सांगितलं.

सगळे पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) पिशवीत घालून न्या, नुसती चिठ्ठी नको. आणि "मी घेऊन दाखवतो, चुकतंय का बघा" असं स्वतःहून म्हणा. मी घेऊन दाखवला तेव्हा तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. औषध छातीत न जाता जिभेवरच पडत होतं, तेही किती वर्षं! डॉक्टरांनी शिकवलं ते असं: पंप हलवा, आधी श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, दाबता दाबताच सावकाश श्वास आत ओढा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर मात्र श्वास जोरात ओढायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका.

फवारा येतो म्हणजे आत औषध आहे असं समजू नका, नुसता वायूही येतो. माझ्या पंपात 120 पफ, दिवसाला चार, म्हणजे 30 दिवस. सुरू केल्याची तारीख मी त्यावरच लिहितो.

श्वासाचा जोर मोजणारं फुंकायचं मीटर (पीक फ्लो मीटर) असेल तर उभं राहून, छाती भरून, एका झटक्यात फुंका. तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा धरायचा. माझा चांगल्या दिवसाचा 420. 310 आला की मी सावध होतो. निम्म्यावर आला तर दवाखाना गाठायचा. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसांची तपासणी, करणार असतील तर आदल्या रात्रीपासून कुठला पंप बंद ठेवायचा ते फोनवर विचारून घ्या.

बीपीची गोळी, डोळ्यांचे थेंब, अंगदुखीची गोळी, जे चालू असेल ते सांगा, कारण त्यातल्या काहींनी दमा उसळतो. तंबाखू, बिडी, चुलीचा धूरही लपवू नका. फ्लूच्या लशीबद्दल विचारा.

एक विनंती कळकळीने करतो. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांचं ऐकून मी एका दिवाळीत बंद केला आणि फेब्रुवारीत हळदीच्या पहिल्या गाड्या आल्या त्या रात्री ऑक्सिजनवर होतो. कमी करायचा तो डॉक्टरांनीच, तपासून.

डॉक्टरांसमोरून उठण्याआधी, त्रास वाढल्यावर काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. माझा कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय: वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा पंप घेऊनही उतार नसेल, तर 108. हिला आणि मुलाला मी तो दोनदा वाचून दाखवलाय.