पहिलं घर घेताना एजंट घाई करतोय? या चुका टाळा

पुण्याजवळच्या पुनावळे, वाघोली, रावेत, कुठल्याही साइटवर रविवारी जा, बोलणं ठरलेलं असतं. सॅम्पल फ्लॅट बघून होतो, चहा येतो आणि एजंट हळूच सांगतो, "सर, पूर्वेकडचा हा एकच उरलाय, दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन देतेय." पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांचा जीव इथे वरखाली होतो. तो फ्लॅट खरंच एकटा उरलाय का, हे तिथे बसून कळत नाही. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. किती घरं बुक झाली ते बिल्डरला तिथे दर तीन महिन्यांनी भरावं लागतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: "शगुन म्हणून" टोकन देणं

"अकरा हजारच द्या, नाही आवडलं तर परत." हे वाक्य तोंडी असतं, पावतीवर नसतं. पैसे द्यायचेच असतील तर बिल्डरच्या प्रकल्पाच्या खात्यावर, चेकने किंवा ऑनलाइन द्या. एजंटच्या फोन नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. कोणता फ्लॅट, किती कार्पेट (घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ), एकूण किंमत किती आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत, हे सगळं पावतीवर किंवा ईमेलवर आधी मागा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आत्ता 20 टक्के भरा, रजिस्ट्रेशन दिवाळीनंतर करू" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

एजंटला आपला माणूस समजणं

"तुमच्याकडून मला काहीच नको," असं तो म्हणतो आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. नव्या प्रकल्पात त्याचं कमिशन बिल्डर देतो, म्हणूनच त्याला चॅनेल पार्टनर म्हणतात. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण तुमची बाजू मांडण्यासाठी तो तिथे बसलेला नाही. तुमचं कमाल बजेट, बँकेने किती लोन मंजूर केलं, गावाकडची जमीन विकून किती येणार, यातलं काहीही त्याला सांगू नका. एकदा आकडा कळला की पुढचा प्रत्येक फ्लॅट बरोबर त्याच आकड्याला येऊन टेकतो.

त्याचा स्वतःचा महारेरा नोंदणी क्रमांकही मागा. एजंटचा क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. क्रमांक सांगायला टाळाटाळ केली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

"सगळं धरून" किमतीवर विश्वास ठेवणं

पुण्यात बांधकाम सुरू असलेला 65 लाखांचा फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4,55,000, नोंदणी 30,000, जीएसटी 5 टक्के म्हणजे 3,25,000. झाले 8,10,000, आणि अजून मेंटेनन्सचा अॅडव्हान्स, पार्किंग, क्लब हाऊस बाकीच आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे 65,000 वाचतात. हे एजंट आपणहून क्वचितच सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. म्हणून कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या खर्चांची यादी लेखी घ्या, आणि दर सेलेबलवर (जिना, लॉबीसारखी सामाईक जागा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) नाही, रेरा कार्पेटवर काढा.

सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा. तिथे बऱ्याचदा आतले दरवाजे लावलेले नसतात आणि पलंगही नेहमीपेक्षा आखूड असतो. बेडरूमची खरी लांबी-रुंदी करारनाम्यातल्या नकाशावरूनच कळते. "समोरून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) जाणार", "मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर" अशी आश्वासनं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा आणि ब्रोशर जपून ठेवा. जाहिरात, ब्रोशर किंवा सॅम्पल फ्लॅटमधली माहिती खोटी निघाली तर कलम 12 खाली भरपाई मागता येते.

वकील आणि लोनही एजंटच्याच हाती सोपवणं

करारनामा तुमच्या वकिलाने वाचायला हवा. बँक कागदपत्रं तपासते ती तिच्या कर्जाच्या काळजीपोटी, तुमच्या ताब्याच्या तारखेसाठी नाही.

फोन थांबतच नाहीत तेव्हा

नवरा हो म्हणत नसेल तर बायकोला फोन, मग सासऱ्यांना. घरात आधीच ठरवा की एकच माणूस बोलेल आणि सगळ्यांचं उत्तर एकच असेल: "करारनाम्याचा मसुदा पाठवा, वाचून मंगळवारी सांगतो." मसुदा महारेराच्या संकेतस्थळावरही असतो, त्यामुळे "तो नंतर देऊ" ही सबब चालत नाही.

टोकन देऊन बसलात तर

गप्प बसू नका, त्याच दिवशी बिल्डरला ईमेल करा: बुकिंग रद्द, रक्कम परत करा. सोबत पावती आणि व्यवहार क्रमांक जोडा. महारेराच्या नमुना वाटपपत्रात (बुकिंगनंतर बिल्डर देतो ते पत्र) पहिल्या 15 दिवसांत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही, त्यानंतर टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त 2 टक्क्यांपर्यंत कपात, अशी तरतूद आहे. तुमच्या पत्रात यापेक्षा मोठी कपात लिहिली असेल तर त्यावर लेखी हरकत घ्या. पैसे अडवले तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. जुन्या सोसायटीतल्या रिसेल फ्लॅटला मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथे टोकन देण्याआधी मूळ करारनाम्यांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं ना-देय पत्र आणि मालकाचं लोन फिटलंय का, एवढं बघूनच खिशात हात घाला.