बूट फर्मवेअरमध्ये एक्सेप्शन हँडलर रॅमच्या आधी बसवा

महापे-रबाळे पट्ट्यात ६४-बिट आर्म प्रोसेसरचे बोर्ड सुरू करणाऱ्या नव्या अभियंत्यांसाठी ही पद्धत लिहीत आहे. रॅम सुरू होण्याआधीच बोर्ड गप्प झाला, तर दोष कुठे आहे हे सांगणारे एक्सेप्शन हँडलरखेरीज (चूक किंवा व्यत्यय आल्यावर प्रोसेसर ज्याकडे वळतो तो कोड) दुसरे काही बहुधा नसते; म्हणून तो रिसेटनंतरच्या पहिल्या काही इन्स्ट्रक्शनमध्येच बसवावा.

आधी चालू एक्सेप्शन लेव्हल (प्रोसेसरच्या अधिकाराची पातळी) वाचावी, कारण व्हेक्टर टेबलचा (एक्सेप्शन आल्यावर प्रोसेसर ज्या नोंदींकडे उडी घेतो त्या तक्त्याचा) पत्ता ठेवणारे व्हीबार रजिस्टर १, २ आणि ३ या लेव्हलना स्वतंत्र असते. टेबलमध्ये प्रत्येकी १२८ बाइटच्या १६ नोंदी असतात आणि संपूर्ण टेबल २०४८ बाइटच्या सीमेवर असावे लागते. ही सीमा चुकली तरी प्रोसेसर तक्रार करत नाही. पत्त्याचे खालचे ११ बिट विचारातच घेतले जात नसल्याने उडी भलतीकडे पडते. एका नोंदीत ३२ इन्स्ट्रक्शनच मावतात, तेव्हा तिथून मुख्य हँडलरकडे उडी मारणे उत्तम. व्हीबार लिहिल्यावर आयएसबी (हा बदल पुढच्या इन्स्ट्रक्शनना नक्की लागू करणारी इन्स्ट्रक्शन) द्यावी.

खरी काळजी स्टॅकची घ्यावी. मुख्य कोड एसपी-ईएल० या लेव्हल ० च्या स्टॅक पॉइंटरवर चालवावा आणि हँडलरसाठी चालू लेव्हलचा स्टॅक चिपमधील एसरॅममध्ये (मुख्य रॅम सुरू होण्याआधीही वापरता येणाऱ्या छोट्या मेमरीत) वेगळा राखावा. एक्सेप्शन येताच प्रोसेसर आपणहून त्या दुसऱ्या स्टॅककडे वळतो, त्यामुळे मुख्य स्टॅक भरून वाहिला असला तरी हँडलरला उभे राहायला जागा उरते. एक्स० ते एक्स३० ही ३१ रजिस्टरे, ईएलआर (परतण्याचा पत्ता), एसपीएसआर (प्रोसेसरची आधीची स्थिती) आणि ईएसआर (एक्सेप्शनचे कारण) प्रत्येकी ८ बाइटने मिळून २७२ बाइट होतात. हा आकडा १६ ने भागला जातो, आणि स्टॅकला नेमके तेच हवे असते. ही रजिस्टरे छापण्यासाठी यूआर्टच्या (सीरियल पोर्टच्या) रजिस्टरमध्ये थेट लिहावे. नेहमीचे प्रिंट फंक्शन वापरू नये, कारण बिघाड त्यातच असू शकतो.

चाचणीसाठी मुद्दाम बीआरके (ब्रेकपॉइंट) इन्स्ट्रक्शन टाकावी. ईएसआरच्या २६ ते ३१ या बिटांत ६० ही किंमत दिसली, तर मार्ग बरोबर आहे. ईएलआर बीआरकेचाच पत्ता दाखवते, म्हणून परतण्यापूर्वी त्यात ४ मिळवावे, नाहीतर तेच एक्सेप्शन पुन्हा पुन्हा येत राहील. डेटा ॲबॉर्ट (मेमरी वाचता-लिहिताना झालेली चूक) असेल, तर एफएआर हे रजिस्टरही छापावे, कारण चुकलेला पत्ता बहुतेक वेळा तिथेच सापडतो.